कांडीतला वळू आणि पावतीवरचा फॅट

रांजणगावपासून दौंडपर्यंतच्या गोठ्यांत काळी-पांढरी होल्स्टीन, म्हणजे ‘एचएफ’, इतकी रुळली आहे, की तिची पणजी खिलार किंवा गावठी होती हे मालकालाही आठवावं लागतं. या बदलाचं एक मोठं मूळ जवळच, उरुळी कांचनला आहे. गांधीजींनी 1946 मध्ये तिथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला. तो सांभाळायला मागे राहिलेल्या मणिभाई देसाईंनी आधी गीर गाई सुधारल्या, मग 1967 मध्ये ‘बायफ’ ही संस्था उभी केली. उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवलेलं वीर्य कांड्यांत भरून दारापर्यंत पोचलं, आणि वळू पाळण्याचं कामच उरलं नाही. तिकडे राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘फुले त्रिवेणी’ घडवली: निम्मं रक्त होल्स्टीनचं, पाव जर्सीचं, पाव गीरचं.

पहिल्या संकराची कालवड आईला दुधात सहज मागे टाकते. त्यात संकरजोमाचा मोठा वाटा असतो. संकरित गाईला तशाच संकराचा वळू लावला, की हा जोम पुढच्या पिढीत निम्म्यावर येतो. आपली रीत मात्र अशी, की मिळेल ती कांडी भरायची, गाय उलटली, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आली, तर पुन्हा भरायची आणि कालवड वेतापर्यंत तिचा बाप कोण हे विसरून जायचं.

इथे एका जनुकाची गोष्ट सांगायलाच हवी. गाईच्या 14व्या गुणसूत्रावर ‘डीजीएटी-1’ नावाचं जनुक आहे. त्याच्या प्रथिनात 232व्या जागी लायसिन असेल तर फॅट वाढतो आणि दूध थोडं घटतं. अ‍ॅलनिन असेल तर उलट. बेल्जियम आणि न्यूझीलंडच्या संशोधकांनी हे 2002 मध्ये दाखवलं. देशी गाईंत जवळपास सगळीकडे लायसिनच सापडतं, होल्स्टीनमध्ये दोन्ही. म्हणजे आपल्या संकरित गोठ्यात दोन्ही रूपं फिरत असणार. डेअरीवर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या (फॅट सोडून उरणाऱ्या घन पदार्थांच्या) खाली दूध गेलं की दर कापतात. तरी कांडी निवडताना विचारतात ते लिटर.

अर्थात एका जनुकावर गाय चालत नाही. दुधाच्या प्रमाणातल्या फरकाचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा आनुवंशिक असतो, तोही असंख्य जनुकांत विखुरलेला. बाकी चारा, मुरघास, ऊन, कासदाह. फॅटच्या टक्क्यात मात्र रक्ताचा वाटा बराच जास्त, म्हणून तो निवडीने लवकर सुधारतो.

5 ऑक्टोबर 2024 ला वाशीममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते गाईची जनुकं तपासणारी ‘गौचिप’ आली. लहान कालवडीच्या रक्तावरून तिच्या पुढच्या दुधाचा अंदाज बांधता येईल, असा या चिपचा दावा. पण हा अंदाज बसवायला हजारो गाईंच्या दुधाच्या नोंदी लागतात, आणि गाडी अडते ती तिथेच. डेअरीच्या पावतीवर फॅट छापून येतो, पण तो चार गाईंचं दूध एकाच किटलीत ओतल्यानंतरचा. कानात बारा आकडी बिल्ला बहुतेकींच्या आहे. महिन्यातून एकदा तरी प्रत्येकीचं दूध वेगळं मोजून त्या आकड्यापुढे लिहिणारं माणूस अजून फार थोड्या गोठ्यांत पोचलं आहे.