अभयारण्य कोणाचें, आणि अर्ज कोणाकडे?

ज्या शेतकऱ्याच्या बांधास अभयारण्याची हद्द लागते, त्यास त्या अभयारण्याच्या कचेरीचा ठावठिकाणा माहीत असणें हें तलाठ्याचें नांव माहीत असण्याइतकेंच अगत्याचें आहे. शहरांतील प्रवासी वाघ पाहावयास निघतो, तेव्हां फाटक केव्हां उघडतें, शुल्क किती पडतें, वाटाड्या कोठें मिळतो, याची बारकाईनें चौकशी करून निघतो. पण पिढ्यान्‌पिढ्या त्याच रानाच्या शेजारीं राहणारा शेतकरी मात्र 'जंगलखातें' या एका शब्दावर काम भागवितो. मग एके रात्रीं गवे उसांत शिरतात किंवा बिबळ्या गोठ्यांतील कालवड मारतो, आणि कोणाकडे जावें हें ठरविण्यांतच दोन दिवस निघून जातात. नुकसानभरपाईच्या नियमांत खबर देण्याची मुदत थोडी असते. तेव्हां हे दोन दिवस म्हणजे पदरचे पैसेच होत. यास्तव अभयारण्याची कचेरी कशी शोधावी व तिच्याशीं पत्रव्यवहार कसा ठेवावा, याचा विचार येथें केला आहे.

प्रथम ध्यानांत ठेवावें कीं, सरकारी रान सगळें एका हाताखालीं नसतें. महाराष्ट्रांत वनखात्याची प्रादेशिक शाखा निराळी व वन्यजीव शाखा निराळी. शिवाय १९७४ सालीं स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाकडेही कांहीं रानें आहेत. उतरंड मात्र सामान्यतः सारखीच असते. नियतक्षेत्रावर वनरक्षक, परिमंडळावर वनपाल, परिक्षेत्रावर वनपरिक्षेत्र अधिकारी, आणि विभागावर उपवनसंरक्षक किंवा विभागीय वन अधिकारी. साऱ्या राज्यांतील वन्यजीव शाखेचे मुख्याधिकारी नागपुरास असून, कायद्यांत ज्यांस 'मुख्य वन्यजीव रक्षक' म्हटलें आहे ते हेच. शेतकऱ्याचें बहुतेक काम वनरक्षक व वनपरिक्षेत्र अधिकारी या दोन पायऱ्यांवर होतें. म्हणून निदान हीं दोन ठिकाणें तरी प्रत्येकाच्या टिपणवहींत लिहिलेलीं असावीं.

एक उदाहरण घेऊं. राधानगरीचें अभयारण्य १९५८ सालीं दाजीपूरच्या गव्यांकरितां राखण्यांत आलें. अभयारण्याच्या आंतील कारभार कोल्हापूरच्या विभागीय वन अधिकारी (वन्यजीव) यांजकडे आहे. परंतु गवा हद्द ओलांडून दूरच्या गांवच्या शिवारांत उतरला, कीं तेथील कारभार कोल्हापूरच्याच प्रादेशिक उपवनसंरक्षकांकडे जातो. शहर एक, खातें एक, पण कचेऱ्या दोन! ताडोब्याचेंही तसेंच आहे. १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालेलें हें रान १९९५ पासून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पांत मोडतें. त्याचे क्षेत्रसंचालक चंद्रपुरास असतात. पण गाभ्याचे उपसंचालक वेगळे आणि भोंवतालच्या बफर पट्ट्याचे वेगळे. ज्याचें शेत बफरांतील गांवीं आहे त्यानें गाभ्याच्या कचेरीची पायरी झिजवूं नये. निफाड तालुक्यांतील नांदूर मध्यमेश्वर येथें तर जलाशयाचें पाणी पाटबंधारे खात्याचें आणि पाखरांचा बंदोबस्त वन्यजीव शाखेचा. पाण्याची तक्रार पक्ष्यांच्या कचेरींत दिल्यास ती तेथेंच पडून राहावयाची.

दुसरी गोष्ट हद्दीची. आपला गट नंबर अभयारण्यांत येतो कीं नाहीं, हें ऐकीव माहितीवर सोडूं नये. अभयारण्याची अधिसूचना राज्याच्या राजपत्रांत प्रसिद्ध होते व तींत सीमा दिलेल्या असतात. भोंवतालचें पर्यावरण-संवेदनक्षेत्र केंद्र सरकार जाहीर करतें, आणि त्या अधिसूचनेस गांवांची यादी जोडलेली असते. या कागदांची नक्कल माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखालीं मागतां येते. हा खटाटोप व्यर्थ नाहीं. सोलापूर व नगर जिल्ह्यांतील माळढोक अभयारण्य १९७९ सालीं जाहीर झालें, तेव्हां त्याचें क्षेत्र सुमारें ८,४९६ चौरस किलोमीटर होतें व त्यांत खासगी शेतजमिनी मोठ्या प्रमाणावर आल्या. तें क्षेत्र कमी होऊन सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरवर येण्यास २०१२ साल उजाडलें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २० प्रमाणें, अभयारण्याचा इरादा जाहीर झाल्यावर वारसा अगर मृत्युपत्र यांवांचून त्या जमिनींत नवा हक्क उत्पन्न होत नाहीं. मुलीच्या लग्नासाठीं दोन एकर विकावयास निघालेल्या शेतकऱ्यास या कलमाची ओळख ऐन वेळीं होणें बरें नव्हे. कलम २१ खालील जाहीरनामा गांवीं लागल्यापासून दोन महिन्यांच्या आंत जिल्हाधिकाऱ्यांकडे आपल्या हक्काचा लेखी दावा दाखल करावयाचा असतो. म्हणून चावडीवरील कागद वाचल्याविना पुढें जाऊं नये.

तिसरी गोष्ट अशी कीं, या कचेरीकडे शेजाऱ्यानें केवळ तक्रार घेऊनच जावें असें नाहीं. कायद्यानें कांहीं कर्तव्यें तिच्यावर व कांहीं आपणांवर घातलीं आहेत. अभयारण्याच्या पांच किलोमीटरच्या आंतील गुरांस सांसर्गिक रोगांची लस टोंचविण्याची व्यवस्था मुख्य वन्यजीव रक्षकांनीं करावी, असें कलम ३३-अ सांगतें. आणि लस न टोंचलेलें जनावर अभयारण्यांत चारूं नये, असेंही तेंच कलम सांगतें. अभयारण्यांतील चराईचें नियमन अधिकाऱ्यांच्या हातीं असतें. राष्ट्रीय उद्यानांत मात्र चराईस मुळींच मोकळीक नाहीं. दहा किलोमीटरच्या आंत राहणाऱ्या बंदुकीच्या परवानेदारानें, अभयारण्य जाहीर झाल्यापासून तीन महिन्यांत नोंदणीसाठीं अर्ज करावयाचा असतो. ज्याची स्थावर मिळकत हद्दीच्या आंत आहे त्यास तेथें जाण्यायेण्यास परवाना लागत नाहीं. इतरांस अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन, किंवा आंतील रहिवाशांशीं कामकाज, या कारणांसाठीं तो मिळतो. कलम ३३-ब प्रमाणें अभयारण्याची सल्लागार समिती असते, आणि तींत पंचायत राज्य संस्थांचे तीन प्रतिनिधि असावयाचे असतात. आपल्या भागांतील हे तिघे कोण, याची चौकशी प्रत्येक ग्रामपंचायतीनें करावी.

अर्ज लिहितांना मजकूर थोडका पण पक्का असावा. गांव, तालुका, गट नंबर, सात-बाराचा उतारा, पीक व त्याचें क्षेत्र, नुकसानीची तारीख व वेळ, जनावराचा प्रकार, ठशांची छायाचित्रें, आणि दोन साक्षीदारांची नांवें एवढें पुरे. मेलेलें जनावर पंचनामा होईपर्यंत जागचें हालवूं नये. अर्ज दोन प्रतींत न्यावा व एका प्रतीवर पोंच घ्यावी. पोंच नसलेला अर्ज न केल्यासारखाच समजावा. कचेरी कोणती याविषयीं संशय असल्यास वनरक्षकास विचारावें. तोही न भेटल्यास वनखात्याच्या '१९२६' या दूरध्वनि क्रमांकावर खबर देऊन तारीख व वेळ टिपून ठेवावी. मात्र तोंडी खबरेवर विसंबून न राहतां लेखी अर्ज त्याच दिवशीं द्यावा.

शेवटीं एक सूचना. संकट येण्याआधींच एकदां मुलांबाळांसह आपल्या शेजारचें अभयारण्य पाहून यावें. बारामती तालुक्यांतील मयूरेश्वर-सुपें येथील चिंकारा, अथवा कर्जत तालुक्यांतील रेहेकुरीचे काळवीट पाहावयास दूरचे लोक येतात. जवळच्यांनीं तें सुख कां सोडावें? त्या निमित्तानें फाटकावरील माणसाची ओळख होते, परिक्षेत्राची कचेरी कोठें आहे हें कळतें, आणि पुढें अर्ज घेऊन जाण्याचा प्रसंग आला तर आपण तेथें परके राहत नाहीं. ज्याचे प्राणी आपल्या शिवारांत उतरतात, त्या शेजाऱ्याचें दार आपणांस दिवसाउजेडीं ठाऊक असावें. रात्रीं कंदील घेऊन तें शोधण्याची पाळी येऊं नये.