लेण्यांचे छायाचित्रण आणि दानलेख

पुणे शहरात पावसाळा सरला की दर रविवारी पहाटे तरुण मंडळी कॅमेरे घेऊन बाहेर पडतात. कोणी शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा टिपतो, कोणी सिंहगड वा लोहगड गाठतो, कोणी जुन्नरला जाऊन शिवनेरी चढतो. आता प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्येच कॅमेरा असल्यामुळे हा छंद सर्वांच्या आवाक्यात आला आहे. आपले उपासक-उपासिकाही विहाराच्या सहलीबरोबर कार्ले-भाजे येथे जातात आणि शेकडो छायाचित्रे घेऊन परततात. या छायाचित्रांपैकी उद्याच्या अभ्यासकाला किती उपयोगी पडतील, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तूचे सौंदर्य टिपणे चांगलेच. परंतु ती वास्तू कोणी, कोणासाठी निर्माण केली याचा लेखी पुरावा तिच्या अंगावर कोरलेला असेल, तर हौशी छायाचित्रकाराने प्रथम तो टिपावा, असे आम्हांस वाटते. तो कसा टिपावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

शिवनेरीचेच उदाहरण घेऊ. १६३० साली छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म ज्या गडावर झाला, त्या गडाच्या कातळात त्याआधी सुमारे दीड हजार वर्षे बौद्ध भिक्षुसंघ राहत होता. तेथील एका लेखात चिट नावाच्या यवनाने संघाला 'भोजनमटप', म्हणजे भोजनमंडप, दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन 'पोढी', म्हणजे पाण्याची टाकी, दिल्याचे म्हटले आहे. यवन म्हणजे ग्रीक किंवा त्या परंपरेतील परदेशी मनुष्य. गडाचे दरवाजे आणि तटबंदी यांची छायाचित्रे हजारोंनी निघतात. या दोन लेखांपुढे थांबणारा विरळा. एकाच डोंगराचे हे दोन्ही इतिहास आहेत आणि एकाचा गौरव करताना दुसरा झाकण्याचे कारण नाही.

अशा वास्तूंपाशी निर्वेधपणे जाता येणे ही आपल्या समाजासाठी सामान्य गोष्ट नव्हती, याचेही स्मरण ठेवले पाहिजे. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यास निघाले असता वाटेत दौलताबादचा किल्ला पाहण्यासाठी थांबले. प्रवेशद्वाराजवळच्या हौदातील पाण्याने त्यांनी हातपाय धुतले, म्हणून पाणी बाटविल्याचा आरोप करीत जमाव धावून आला. शेवटी किल्ल्यात पाण्याला स्पर्श करणार नाही या अटीवर आणि एका सशस्त्र शिपायाच्या पहाऱ्यात त्यांना आत सोडण्यात आले. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत नोंदविला आहे. आज आपण त्याच किल्ल्यात आणि त्याच लेण्यांत कॅमेरा घेऊन जातो. मिळालेल्या या प्रवेशाचे आपण काय करतो, हे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

छायाचित्र हे किती मोठे साधन आहे, हे अजिंठ्याच्या इतिहासावरून कळते. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अनेक वर्षे तेथे राहून भित्तिचित्रांच्या रंगीत प्रतिकृती तयार केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ च्या आगीत नष्ट झाल्या. परंतु गिल यांनी मधल्या काळात कॅमेराही हाती घेतला होता. त्यांची छायाचित्रे १८६४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि ती आजही अभ्यासली जातात. छायाचित्राच्या अनेक प्रती निघतात आणि अनेक ठिकाणी राहतात. हेच त्याचे बळ होय.

आता दानलेखांत काय असते ते पाहू. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आहे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे 'सेलघर', म्हणजे शैलगृह, पूर्णत्वास नेले असे तेथील लेख सांगतो. परंतु आतल्या खांबांवर धेनुकाकट येथील यवनांची नावे आहेत, आणि दर्शनी भागातील लेखांत वेणुवासाचा पुत्र सामी नावाचा सुतार व सिंहदत्त नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी यांची नावे आढळतात. भाजे येथील चौदा स्तूपांच्या समूहात काहींवर धमगिरी, संघदिन अशा थेरांची नावे कोरलेली आहेत. बेडसे येथील एका स्तूपावर गोभूती नावाच्या भिक्खूचा 'आरञ्ञक' आणि 'पिंडपातिक', म्हणजे अरण्यात राहणारा व केवळ भिक्षान्नावर निर्वाह करणारा, असा उल्लेख आहे. पाली विनय आणि सुत्तांतून आपण ज्या धुतंगव्रतांविषयी वाचतो, ती व्रते पाळणारा मनुष्य येथे मावळात होऊन गेला, याचा हा दगडी पुरावा आहे.

हे सर्व लेख विद्वानांनी वाचून प्रसिद्ध केलेले आहेत. मग पुन्हा छायाचित्रांची गरज काय, असे कोणी विचारील. बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख १८८१ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर शंभर-सव्वाशेहून अधिक पावसाळे या दगडांवरून गेले आहेत. उघड्यावरील अक्षरे झिजतात, शेवाळते, कोणी त्यांवर स्वतःचे नाव कोरतो. अक्षराची आजची स्थिती काय आहे, हे आजचेच छायाचित्र सांगू शकते. शिवाय या क्षेत्रात हौशी माणसाला स्थान नाही असेही नाही. दामोदर कोसंबी हे व्यवसायाने गणितज्ञ होते. पुण्यात राहून त्यांनी मावळातील लेणी पायी हिंडून पाहिली आणि धेनुकाकटाच्या प्रश्नावर स्वतंत्र लेखन केले.

येथे आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. विद्यार्थिदशेत आम्ही छत्तीस चित्रांचा रोळ घेऊन कार्ल्याला गेलो आणि समोरून फ्लॅश टाकून खांबांवरील लेख टिपले. रोळ धुऊन आला तेव्हा दगड लख्ख दिसत होता, अक्षर मात्र एकही वाचता येत नव्हते. कारण साधे आहे. कोरलेले अक्षर म्हणजे दगडातील उथळ खाच. ती दिसते सावलीमुळे. प्रकाश समोरून पडला की सावली नाहीशी होते आणि तिच्याबरोबर अक्षरही. प्रकाश बाजूने, दगडाला जवळजवळ घासून जाईल असा तिरपा पडला, तर झिजलेली रेघही उठून दिसते. त्यासाठी मोठी सामग्री लागत नाही. एकाने कॅमेरा दगडाच्या अगदी समोर, समांतर धरावा. दुसऱ्याने विजेरी डाव्या बाजूने, मग उजव्या बाजूने व शेवटी वरून तिरपी धरावी, आणि प्रत्येक वेळी चित्र घ्यावे. एका दिशेच्या प्रकाशात लपलेली मात्रा दुसऱ्या दिशेच्या प्रकाशात सापडते. उन्हाचा उपयोग करावयाचा तर लेण्याचे तोंड कोणीकडे आहे ते पाहावे. बेडसे पूर्वाभिमुख असल्याने तेथे सकाळी जावे. कार्ले व भाजे पश्चिमाभिमुख असल्याने तेथे दुपारनंतर.

प्रत्येक लेखाची किमान तीन चित्रे घ्यावीत : लेख लेण्यात कोठे आहे हे दाखविणारे दुरून, संपूर्ण लेखाचे मधल्या अंतरावरून, आणि अक्षरांचे जवळून. लेख लांब असेल तर एका चित्राचा काही भाग पुढच्या चित्रात यावा, म्हणजे दुवा तुटत नाही. दगडाला न टेकवता शेजारी मोजपट्टी धरावी. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू, रंग, तेल वा पाणी कदापि घालू नये. संरक्षित स्मारकाला इजा करणे हा १९५८ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण कायदा नसता तरी आपण ते करावयाचे नव्हते. तिपाई वापरावयाची असल्यास पुरातत्त्व विभागाची पूर्वपरवानगी घ्यावी. घरी आल्यावर मूळ चित्रात फेरफार न करता ते तसेच जतन करावे, दिनांक, वेळ व लेण्याचा क्रमांक वहीत लिहावा, आणि एक प्रत स्वतःकडे व एक विहाराच्या ग्रंथालयात ठेवावी. गिल यांच्या प्रतिकृतींचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे.

एक नाजूक मुद्दा राहतो. लेण्याद्रीच्या एका विहारात आज गणपतीचे मंदिर आहे, कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर एकवीरा देवीचे देऊळ आहे, शेलारवाडीच्या चैत्यगृहात शिवलिंग आहे. आपले अनेक तरुण चित्र घेताना हे सर्व चौकटीबाहेर ठेवतात. त्यामागील वेदना आम्ही जाणतो. तथापि जे आहे ते कापून काढलेले चित्र पुरावा म्हणून दुबळे ठरते. तथागतांनी 'यथाभूत' पाहण्यास, म्हणजे जसे आहे तसे पाहण्यास, शिकविले. मूळ दानलेख आणि नंतरची भर, दोन्ही दिनांकासह नोंदवावीत. तेथे येणाऱ्या भाविकांशी वाद न घालता नोंदवावीत. कोरलेले अक्षर आपली साक्ष स्वतः देते.

ज्यांना प्रारंभ करावयाचा आहे त्यांनी शेलारवाडीपासून करावा. २५ डिसेंबर १९५४ रोजी ज्या देहूरोडला बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, तेथून हे लेणे जवळच आहे. तेथील एका दानलेखात धेनुकाकटच्या उसभणक नावाच्या कुटुंबिकाची पत्नी सिअगुतणिका हिने, नंद नावाच्या आपल्या पुत्रासह, लेणे दान दिल्याचे नोंदविले आहे. तिच्या पतीला लावलेल्या 'हालकिय' या शब्दाचा अर्थ नांगरकरी असा केला जातो. हा लेख आम्ही एकदा सहलीत वाचून दाखविला तेव्हा विहारातील एक वृद्ध उपासिका पुढे आली आणि म्हणाली, "सर, तिचं नाव परत एकदा सांगा." आम्ही सांगितले; तिने ते हळूहळू स्वतःशी म्हटले. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु शेतकऱ्याच्या घरची एक स्त्री संघाला लेणे देते आणि तिचे नाव सुमारे अठरा शतके दगडावर टिकते, हे तिला आमच्यापेक्षा अधिक कळले होते. ते नाव पुढेही वाचता यावे, एवढ्यासाठी तरी कॅमेरा तिरप्या प्रकाशात, स्थिर हाताने धरावयास हवा.