लय राखणारी आज्ञावली

संत गोरोबाकाकांच्या तेरपासून जवळच असलेल्या ढोकीत भजनाचा आठ मात्रांचा ठेका ज्यांच्या कानांत बालपणापासून मुरला आहे, त्यांस १८१५ साली मेल्त्सेल नावाच्या गृहस्थाने पेटंट घेतलेल्या मेट्रोनोमचे, म्हणजे ठरावीक लयीत ठोके देणाऱ्या यंत्राचे, प्रयोजन निराळे सांगावयास नको. मिनिटास १०० मात्रांची लय हवी असल्यास दोन ठोक्यांत ६०० मिलिसेकंदांचे अंतर पडते. म्हणून असा मेट्रोनोम संगणकावर रचताना पायथन भाषेत ‘ठोका वाजव, ६०० मिलिसेकंद थांब’ एवढे लिहिले की कार्यभाग उरकला, असे नवशिक्यास वाटते. परंतु ठोका वाजविण्यातच ५ मिलिसेकंद खर्ची पडत असतील, तर ही तूट दर मात्रेस साचत जाऊन शंभराव्या मात्रेपर्यंत लय सुमारे अर्धा सेकंद मागे रेंगाळते, आणि मग मृदंगाशी तिचा मेळ बसणे अशक्यच. खरा इलाज, माझ्या मते, हिशेबाची पद्धत बदलण्यात आहे: मागील ठोक्यापासून नव्हे, तर आरंभीच्या क्षणापासून प्रत्येक ठोक्याची वेळ मुक्रर करावी व उरेल तेवढेच थांबावे. लिनक्सवर सी भाषेत ‘अमुक क्षणापर्यंत थांब’ असा हुकूमच संगणकप्रणालीस देता येतो. जावास्क्रिप्टमध्ये मात्र ब्राउझरचे पान मागे पडताच सामान्य कालमापक सेकंदास एकदाच जागा होऊ शकतो; तेथे ध्वनियंत्रणेच्या स्वतंत्र घड्याळावर पुढील काही ठोके आगाऊ नोंदवून ठेवणे श्रेयस्कर.