समोरच्या घरातली आमीन

“त्यांच्याकडेसुद्धा जेवायच्या आधी आमीन म्हणतात!”

धाकटीने चप्पल काढता काढता ही बातमी दिली. ती दुसरीत आहे. समोरच्या घरातला मुलगा तिच्याच वर्गात, त्याची बहीण अंगणवाडीत. तिघांचे खेळणे दोन्ही घरांत मिळून चालते. त्या दिवशी खेळता खेळता तिथे जेवणाची वेळ झाली, मावशींनी तिलाही ताट वाढले, आणि सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडल्यावर हिनेही मिटले. आमची अम्मी, म्हणजे मुलांची दादी, तस्बीह हातात घेऊन बसल्या होत्या. त्यांचे बोट मण्यावर थांबले. त्या एवढेच म्हणाल्या, “बच्ची को रोज रोज वहाँ मत भेजो.”

आम्ही मुळशी तालुक्यात पिरंगुटला राहतो. पूर्वी भाताची खाचरे होती तिथे आता कारखाने आणि भाड्याच्या इमारती आहेत. आमच्या इमारतीत आठ बिऱ्हाडे. त्यात मुसलमानाचे एक आणि ख्रिस्ती माणसाचे एक, ते नेमके समोरासमोर. समोरचे कुटुंब राहुरीकडचे. घरधनी कारखान्यात पाळीवर जातात, ताई घरी शिवणकाम करतात. भाषा अस्सल नगरी. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी आम्हाला विचारले होते, “तुम्ही पण बाहेरचेच का?” आम्ही तीन पिढ्या पुणे जिल्ह्यातले, पण त्यांच्या विचारण्याचा राग आला नाही. हा प्रश्न त्यांनाही पुष्कळदा विचारला गेला असणार.

तर, अम्मी बोलल्या आणि त्यात एका नातेवाइकाचा फोन आला. आजकाल काय काय चालते, लहान मुलांच्या मनावर लगेच परिणाम होतो, वगैरे. आम्ही शिक्षक आहोत. वर्गात सर्वधर्मसमभावाचा धडा शिकवतो. तरीही त्या संध्याकाळी आम्ही दाराला आतून कडी लावली आणि मुलीला सांगितले, “आज अभ्यास कर.” दुसऱ्या दिवशीही तेच. असे बारा-तेरा दिवस गेले. मुलाने दार वाजवले की आम्ही आतूनच म्हणायचो, “ती झोपली आहे रे.” मग त्याने वाजवणे सोडले.

तेराव्या की चौदाव्या दिवशी ताई स्वतः आल्या. उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहिल्या. “सर, भाभी, आमचं काही चुकलं का? त्या दिवशी जेवायला वाढलं ते नको होतं का? मी तिला नुसतं वरण-भात आन बटाट्याची भाजी दिली होती. मटणाचं भांडं तिच्या ताटाजवळ आणलं नव्हतं. तुमचं हलाल असतं, मला म्हाईत आहे.”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. ज्या बाईने आमच्या मुलीच्या ताटाची आमच्याइतकीच काळजी घेतली होती, तिच्यावर आम्ही दार लावून बसलो होतो. मुलांच्या अम्मीने त्यांचा हात धरून आत बसवले. अम्मी आतल्या खोलीतून सगळे ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “चाय पिओ, बेटी.”

या चहावरून आम्हाला एक जुनी गोष्ट आठवली. पुण्याच्या गुरुवार पेठेत पंचहौद मिशन आहे. १८९० च्या ऑक्टोबरात तिथे एका सभेनंतर पुण्यातल्या नामवंत हिंदू मंडळींना चहा-बिस्किटे दिली गेली. कोणी चहा प्याले, कोणी नुसता कप हाती घेतला. पुढे वर्तमानपत्रात नावे छापून आली आणि गावात मोठे वादंग माजले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताची पाळी आली. एका कपावरून! आम्ही हे वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात. पण त्या तेरा दिवसांत आम्ही दुसरे काय करत होतो?

आमच्या धर्मात तर या बाबतीत वाट मोकळी आहे. सूरह माइदामध्ये अहले-किताबांचे, म्हणजे ज्यांना आधी ग्रंथ दिला गेला त्यांचे, अन्न आपल्याला आणि आपले त्यांना जायज ठरवले आहे. जबीह्याबद्दल, दारू आणि डुकराच्या मांसाबद्दल जी दक्षता घ्यायची ती घ्यावीच. पण वरण-भाताला हरकत कसली? आम्ही मनात भरवली होती ती भीती दीनची नव्हती, लोक काय म्हणतील याची होती.

पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो. घर आमच्यासारखेच, दोन खोल्यांचे. भिंतीवर क्रूस, खाली शिवणयंत्र, फळीवर पवित्र शास्त्र, गायनाचे पुस्तक आणि कडा झिजलेले लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. मराठीच्या शिक्षकाचा हात तिकडे जाणारच. ताई म्हणाल्या, “सासूबाईंचं आहे. आमच्या राहुरीच्या होत्या ना लक्ष्मीबाई.” जन्म नाशिकजवळचा, पण टिळक कुटुंबाचे बरेच दिवस राहुरीत गेले, तेव्हा राहुरीकरांचा हा हक्क मान्य करायलाच हवा.

लक्ष्मीबाईंची हकीकत पुष्कळांना शाळेतल्या उताऱ्यापुरती माहीत असते. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरच्यांना न विचारता. लक्ष्मीबाई तेव्हा सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या तरुण ब्राह्मण बाई, पदरी दत्तू नावाचा लहान मुलगा. काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. म्हणजे एकाच संसारात बापाची श्रद्धा एक, आईची दुसरी, आणि मधे हा दत्तू. पुढे जातिभेद देवाने केला नसून माणसाने केला हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले, आणि १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपाने येऊ लागले. हाच दत्तू, देवदत्त नारायण टिळक, मोठेपणी लेखक झाला. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकाचे संपादनही त्याने केले.

त्यांनी केलेले धर्मांतर आपल्याला पटावे असे आम्ही म्हणत नाही. मुसलमान वाचकाला त्यात दुसरेच काही दिसते. ते घर टिकले ते एकमेकांवर जबरदस्ती न केल्यामुळे. टिळक तापट आणि लहरी. पैसा हातात ठरत नसे. लक्ष्मीबाईंनी त्यांचे सगळे दोष हसत हसत लिहून ठेवले आहेत. पण बायकोचे सोवळे त्यांनी बळाने मोडले नाही, आणि तिनेही मुलाला बापाविरुद्ध उभे केले नाही. आपल्यातही एका घरात एकजण नमाजचा पाबंद आणि दुसरा ढिला असतो. तिथे आपण मुलांसमोर एकमेकांना किती बोलतो, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

ताईंकडे संध्याकाळी सातच्या सुमारास ‘कुटुंबाची प्रार्थना’ होते. दहा मिनिटांचा मामला. एक गीत, शास्त्रातला लहानसा भाग, मग प्रत्येकजण आपापल्या शब्दांत काहीतरी मागतो. अंगणवाडीतली पोरसुद्धा. तिने त्या दिवशी मांजरीच्या पायासाठी मागितले. वडील रात्रपाळीला असले तर ताई एकट्या मुलांना घेऊन बसतात. रविवारी सकाळी पहिल्या बसने पुण्यातल्या मराठी देवळात. त्यांचे लोक चर्चला ‘देऊळ’ही म्हणतात, हे आम्हाला त्या दिवशी कळले. उपासना दोन तास चालते. धाकटी कधी मांडीवर झोपते, कधी बाकाखाली शिरते. “पहिल्यांदा लाज वाटायची,” ताई म्हणाल्या, “पण पाळक म्हणाले, आणा तिला, आवाज करू द्या.”

हे ऐकून आम्ही गप्प झालो. सहीह हदीसमध्ये आहे की प्रेषित मुहम्मद (स.) नमाज पढवत असताना नात उमामा (रजि.) त्यांच्या खांद्यावर असे. सजद्यात जाताना ते तिला खाली ठेवीत, उभे राहताना पुन्हा उचलून घेत. आणि आमच्या मशिदीत मागच्या सफमध्ये एखादे पोर हसले तर सलाम फिरताच चार माणसे त्याच्यावर डोळे वटारतात. आम्हीही वटारले आहेत.

आमच्या घरी मगरिबनंतर काय होते? खरे सांगायचे तर मोबाइल. मुले मकतबला जातात, नाजरा वाचतात, दुआ पाठ आहेत. पण आम्ही सगळे एकत्र बसून अल्लाहकडे काही मागतो आहोत, असे मुलांनी रमजानखेरीज क्वचितच पाहिले असेल. आम्हाला खटकले होते ते मुलीने दुसऱ्या घरी आमीन म्हटल्याचे. पण आपल्या घरात ती कधी ऐकू येते, हे आम्ही पाहिलेच नव्हते. आता मगरिबनंतर दहा मिनिटे फोन कपाटावर असतात. अम्मी एखाद्या प्रेषिताचा किस्सा सांगतात, मग दुआ. पहिले दोन दिवस थोरला जांभया देत होता. अजूनही देतो.

एक प्रश्न उरला होता, तो धाकटीने विचारलाच. “ते म्हणतात येशू देवाचा मुलगा आहे. खरं का?”

इथे गुळमुळीत बोलून चालत नाही. आम्ही सांगितले की त्यांची श्रद्धा तशी आहे आणि ते ती मनापासून मानतात. आपण हजरत ईसा (अ.) यांना अल्लाहचे थोर प्रेषित मानतो. त्यांचा जन्म बापाशिवाय, कुमारी मरियम (अ.) यांच्या पोटी झाला, हे आपणही मानतो. ते क्रूसावर मेले असे आपण मानत नाही, ते मानतात. अल्लाह एक आहे, त्याला मूल नाही. कुरआनात नावाने उल्लेख असलेली स्त्री एकच, मरियम, आणि त्यांच्या नावाची पूर्ण सूरह आहे. मग अम्मींनी पुढचे सांगितले: मक्केतला जुलूम सोसेना तेव्हा काही मुसलमान हबशाला गेले. तिथला राजा नज्जाशी ख्रिस्ती होता. हजरत जाफर (रजि.) यांनी त्याला सूरह मरियम ऐकवली, तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आले आणि त्याने त्या परक्या माणसांना शत्रूच्या हवाली करायला नकार दिला. अम्मींच्या तोंडून हे ऐकताना आम्हाला त्यांचे पहिल्या दिवशीचे वाक्य आठवले. त्यांनाही आठवले असावे, कारण त्या मधेच थांबून पाणी प्याल्या.

ताईंशीही आम्ही हे बोललो. त्यांचा मुलगाही घरी विचारत होता की येशूला नुसते प्रेषित कसे म्हणतात. दोन्ही घरांचे ठरले की खेळ, अभ्यास, जेवण एकत्र. श्रद्धेचा प्रश्न आला की ज्याने त्याने आपल्या घरी विचारायचा, आणि समोरच्याच्या प्रार्थनेच्या वेळी गप्प बसायचे. धाकटी आता त्यांच्याकडे जेवताना मनात बिस्मिल्लाह म्हणते.

नाताळात त्यांच्याकडून ताट आले. केक असेल अशी मुलांची खात्री होती, निघाल्या करंज्या, चकल्या आणि शंकरपाळे. नगरकडे नाताळचा फराळ असाच असतो. ताटावर रुमाल आणि ताईंचा निरोप, “डालडा नाही, तेलातलं आहे, बिनधास्त खा.” ईदला शीरखुर्म्याचे भांडे आमच्याकडून गेले. ते परत आले तेव्हा रिकामे नव्हते, तळाशी मूठभर भुईमुगाच्या शेंगा होत्या.

परवा कारखान्यातल्या कपातीची बातमी ऐकली. त्यांच्या घरधन्याचे नाव यादीत आहे की नाही ते अजून कळलेले नाही. काल मगरिबनंतर दुआ संपत आली तेव्हा धाकटीने डोळे न उघडताच मधेच घातले, “आणि समोरच्या काकांचं काम राहू दे.” अम्मी मोठ्याने आमीन म्हणाल्या.