लाल रेघ कोण ओढतं?

दोस्तांनो, निबंधाच्या वहीत बाई लाल शाईने खुणा करतात. पण कधी? वही दिल्यावर दोन-चार दिवसांनी! तोवर तीच चूक आपण आणखी दहा ठिकाणी करून बसलेलो असतो. समजा, बाई शेजारीच बसल्या आणि शब्द चुकताक्षणी म्हणाल्या, ‘‘अंहं, वेलांटी बघ!’’ तर?

कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहिताना अशी सोय खरोखरच करता येते. हास्केल भाषेसाठी ती कशी करायची, ते पाहू या.

हास्केलचा पहिला आराखडा १९९० साली प्रसिद्ध झाला. नाव मिळालं ते हास्केल करी या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाचं. ही ‘फंक्शनल’ भाषा. हिचा सगळा कारभार फंक्शन्सवर, म्हणजे फलनांवर चालतो. फलन म्हणजे जणू पिठाची गिरणी. गहू टाकले की गव्हाचंच पीठ, आज टाका नाहीतर उद्या! पण गिरणीत खडे टाकून कसं चालेल? म्हणून आत काय जाणार नि बाहेर काय येणार, हे हास्केलचा कंपायलर आधीच तपासतो. संख्येच्या जागी शब्द दिलात की अडवलंच! या कंपायलरचं नाव जीएचसी.

आता गंमत ऐका. आपण लिहितो एडिटरमध्ये, उदाहरणार्थ व्हीएस कोडमध्ये. त्याला बिचाऱ्याला हास्केल मुळीच येत नाही! मग लाल रेघ ओढायला त्याला सांगतं कोण? ‘हास्केल लँग्वेज सर्व्हर’ नावाचा मदतनीस. तो जीएचसीचीच अक्कल पोटात घेऊन मागे बसतो आणि एडिटरच्या कानात सांगतो, ‘‘सातव्या ओळीत चूक आहे.’’

या दोघांनी बोलायचं कसं, याचे नियम मायक्रोसॉफ्टने २०१६ साली जाहीर केले. त्याआधी १० भाषा आणि ५ एडिटर असले, तर १० गुणिले ५, म्हणजे ५० जोडण्या कराव्या लागत. सगळे एकच बोली बोलू लागल्यावर १० अधिक ५, फक्त १५ पुरतात!

आता करा सुरुवात. आधी घरच्यांना विचारा, कारण याला डिस्कवर बरीच जागा लागते. मग ‘जीएचसीअप’ बसवा. तोच कंपायलर आणि मदतनीस आणून देतो. त्यानंतर व्हीएस कोडमध्ये ‘हास्केल’ हे एक्स्टेन्शन घाला. शेवटी सुटी फाइल न उघडता प्रोग्रॅमचा अख्खा फोल्डर उघडा.

इथेच पुष्कळजण अडकतात, बरं का! सगळं बसवलं तरी रेघ उमटत नाही. बहुतेक वेळा कारण एकच: मदतनीस आणि कंपायलर यांची आवृत्ती जुळत नाही. सगळ्यात नवा कंपायलर आणला, पण मदतनीस त्याला अजून ओळखतच नाही! म्हणून जीएचसीअपच्या यादीत ज्याच्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलंय, तीच आवृत्ती घ्या. ‘ही भाषा आपल्याला जमणार नाही,’ म्हणून कित्येकजण इथूनच परत फिरतात. भाषेचा काही दोष नसतो आणि त्यांचाही नसतो!

जमलं की नाही, कसं ओळखाल? फलनाच्या नावावर माऊस न्या, त्याचा प्रकार दिसेल. मग एका ओळीत -- >>> अशी खूण करून पुढे सहा गुणिले सात लिहा. वर ‘इव्हॅल्युएट’ असं दिसेल, ते दाबा. खालच्या ओळीत उत्तर हजर!

आणि आता मुद्दाम एक चूक करा. लाल रेघ उमटली? शाब्बास! बाई शेजारी येऊन बसल्या!