खेळताना संगणक 'हँग' का होतो?

शाळेच्या संगणकावर प्रश्नपत्रिका तयार करताना काही अडचण येत नाही. पण मुलांनी मोटारींच्या शर्यतीचा खेळ लावला, की दहा-पंधरा मिनिटांत पडद्यावरचे चित्र थिजते, किंवा संगणक एकदम बंद पडतो. मग 'खेळांमुळे संगणक बिघडतो' असे ठरवून खेळांवर बंदी येते. हा निष्कर्ष कितपत बरोबर आहे, ते पाहू.

आपण टंकलेखन करतो तेव्हा प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच असतो. खेळात मात्र सेकंदाला साठ-साठ चित्रे नव्याने रेखाटावी लागतात. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, मेमरी आणि पॉवर सप्लाय या सर्वांवर एकाच वेळी ताण येतो. सपाट रस्त्यावर ठीक चालणारी जुनी गाडी घाटात धापा टाकते, तसेच हे. खेळ बहुधा बिघाड निर्माण करत नाही. असलेला बिघाड उघड करतो.

पहिला संशय उष्णतेवर घ्यावा. प्रोसेसरमध्ये खर्च होणारी जवळजवळ सर्व वीज उष्णतेत रूपांतरित होते. हा खर्च साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वारंवारतेच्या प्रमाणात वाढतो. व्होल्टेज १० टक्क्यांनी वाढले, तर १.१ × १.१ = १.२१, म्हणजे खर्च २१ टक्क्यांनी वाढतो. ही उष्णता धातूच्या पात्यांमधून पंखा बाहेर टाकतो. पात्यांत धूळ साचली, की ती आतच कोंडते. तापमान १०० अंश सेल्सियसच्या आसपास गेले, की प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो, आणि तरीही भागले नाही तर स्वसंरक्षणासाठी बंद होतो.

दुसरा संशय मेमरीवर. तिच्यातील प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म संधारित्रावरचा विद्युतभार. तो सतत गळत असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी पुन्हा भरावा लागतो. सदोष मेमरीत एखादा बिट बदलला, तर प्रोसेसरला चुकीची आज्ञा मिळते आणि काम ठप्प होते. तिसरा संशय पॉवर सप्लायवर: अचानक वाढलेली मागणी त्याला पुरवता आली नाही, तर कोणतीही सूचना न देता संगणक बंद पडतो. चौथा, नुकत्याच बदललेल्या ड्रायव्हरवर.

मग दोषी कसा ओळखायचा? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रथम वीज बंद करून वायर काढावी आणि मऊ ब्रशने धूळ झाडावी. झाडताना पंखा बोटाने धरून ठेवावा. साफसफाईच्या आधी आणि नंतर तोच खेळ तितकाच वेळ चालवून तापमान नोंदवावे. तापमान उतरले, तरी संगणक बंद पडतो का? मग मेमरीच्या दोन पट्ट्या असल्यास एकेक लावून पाहावी. शेवटी जुना ड्रायव्हर घालावा. प्रत्येक वेळचा निकाल वहीत लिहावा.

पडद्यावरच्या संदेशावर मात्र आंधळा विश्वास नको. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे काही प्रोसेसर वापरणाऱ्यांचे खेळ मध्येच बंद पडत, आणि 'ग्राफिक्स मेमरी अपुरी' असा संदेश येई. ग्राफिक्स कार्ड निर्दोष होते! प्रोसेसर स्वतःसाठी गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, असे इंटेलने जुलै २०२४ मध्ये जाहीर केले. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली. पण तोवर ज्या प्रोसेसरांची हानी झाली होती, ती भरून येणारी नव्हती. म्हणून लक्षण दिसताच तपास सुरू केलेला बरा.

वर्गात हा प्रयोग जरूर करावा. निरीक्षण, तर्क आणि पडताळणी हे शब्द आपण फळ्यावर लिहितोच. बंद पडणारा संगणक ते प्रत्यक्ष करून पाहण्याची संधी देतो. बंदीचा निर्णय त्यानंतर घ्यावा. कदाचित तोवर त्याची गरजच उरणार नाही.