पेटीतली हवा

जुन्या होम स्टिरिओचा खर्ज पोकळ वाटू लागला की संशय पहिल्यांदा वूफरच्या कडेच्या फोमवर जातो. साहजिकच आहे, कारण बोट लावताच भुगा होणारा फोम डोळ्यांना दिसतो आणि पेटीतली हवा दिसत नाही. पण एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला ‘अकूस्टिक रिसर्च’ ही कंपनी काढली, ती या हवेच्याच जोरावर. तोवर भरीव खर्ज हवा तर कपाटाएवढी पेटी घरात आणावी लागे. विल्चरने वूफरच्या कोनाची बैठक मुद्दाम सैल ठेवली, पेटी लहान आणि हवाबंद केली, आणि कोनाला जागेवर परत आणायचे काम आत कोंडलेल्या हवेवर सोपवले. कापडाची किंवा फोमची बैठक जास्त ताणली की मनमानी करते. हवेची स्प्रिंग तेवढ्याच हालचालीत बरीच इमानाने वागते. म्हणून या घराण्याच्या पेट्यांची, विशेषतः १९६७ च्या एआर-३ए ची, दुरुस्ती करताना हवा हाही एक सुटा भाग मानावा आणि तपासणी तिच्यापासूनच सुरू करावी, असे माझे म्हणणे आहे.

थोडे गणित केले तर हे पटेल. एआर-३ए च्या १२ इंची वूफरचा अनुनाद मोकळ्यावर सुमारे १८ हर्ट्झ असतो; पेटीत बसवला की तो ४३ हर्ट्झच्या आसपास जातो. हलणारे वजन तेच धरले, तर स्प्रिंगचा ताठरपणा वारंवारितेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे पेटीत तो साधारण ५.७ पट होतो. त्यातला १ वाटा वूफरच्या स्वतःच्या बैठकीचा, उरलेले ४.७ हवेचे. आता समजा, नवा फोम इतका कडक निघाला की बैठकीचा ताठरपणा दुप्पट झाला. तरी बेरीज ६.७ होते आणि अनुनाद ४६-४७ हर्ट्झवर थांबतो. कोणाचा फोम अस्सल यावर शौकीन मंडळी हिरिरीने भांडतात, त्या मानाने हा फरक किरकोळच म्हणायचा. पेटीला फट पडली, तर मात्र खालच्या सुरांपुरता हवेचा हा मोठा वाटाच निसटतो: कोन वाजवीपेक्षा जास्त धावतो, खर्ज उतरतो आणि फटीतून फुसफुस ऐकू येते.

तपासणी सोपी आहे, पण फोम किंवा कापड शाबूत असेल तरच करावी. बोटे पसरून कोन सगळीकडून सारखा, हलकेच आत दाबायचा, दोन-तीन सेकंद धरायचा आणि सोडायचा. पेटी नीट बंद असेल तर कोन शेवटचे अंतर रेंगाळत कापतो, कारण हवेला परत आत शिरायला वेळ लागतो. चटकन जागेवर आला, तर फट आहे. दाबताना खरखर जाणवली, तर कॉइल घासते आहे. तो आजार वेगळा. सुरुवातीच्या वूफरची कड कापडाची होती आणि तिच्यावरचा लेप वर्षांनुवर्षे वाळून कापडातून हवा झिरपू लागते. असा वूफर दिसायला ठणठणीत असतो, म्हणूनच तो फसवतो. १९७० च्या सुमारास कापडाची जागा पॉलियुरेथेन फोमने घेतली. तो कुजतो हे उघडच दिसते, आणि दमट हवेत, म्हणजे आपल्या किनारपट्टीसारख्या ठिकाणी, तर लवकरच कुजतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो कपॅसिटरवाल्यांचा. जुने कपॅसिटर उतरलेले असतात, तेव्हा आधी ते बदला, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे. एआर-३ए मधले ६, ५० आणि १५० मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर पन्नास वर्षांनी मोजून पाहायलाच हवेत. पण मोजणे वेगळे आणि सरसकट उपटणे वेगळे. तिथपर्यंत पोचायला वूफर काढावा लागतो, त्याखालची पुट्टी उखडते, काचतंतूचा भरणा बाहेर येतो. हा भरणा नुसता आवाज शोषायला नसतो. हवा दाबली जाताना तापते, ती उष्णता तो पिऊन घेतो, त्यामुळे पेटी असते त्याहून मोठी असल्यासारखी वागते. शास्त्राप्रमाणे कमाल १.४ पट, व्यवहारात त्याहून कमी. तो निम्मा परत भरला किंवा वाळकी पुट्टी तशीच दाबून बसवली, तर कपॅसिटर सुधारले आणि पेटी बिघडली. ट्विटर ‘मेला’ म्हणून पेटी उघडणाऱ्यांनी तर आधी मागचा नॉब दोन-चार वेळा फिरवून पाहावा. त्याच्या आतल्या पॉटला (पोटेन्शिओमीटरला) गंज चढून वाट तुटलेली असणे हा या मॉडेलचा नेहमीचा रोग आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: १२ इंचाचा नवा वूफर टाकून मोकळे का होऊ नये? कारण भोक जुळले म्हणजे वूफर जुळला असे होत नाही. नवे वूफर बहुधा आपल्याच बैठकीच्या जोरावर चालतात, पुष्कळदा हवाबंद नसलेल्या, पोर्टच्या पेटीसाठी घडवलेले असतात. शिवाय एआर-३ए चा वूफर ५७५ हर्ट्झला मधल्या डोमच्या हाती सूर सोपवतो आणि सगळी पेटी ४ ओहमची धरून बांधलेली आहे. हे सगळे जुळवायचे तर वूफर बदलणे ही दुरुस्ती न राहता नवी रचना होते.

तिसरा आक्षेप कानवाल्यांचा: ऐकून चांगले वाटले की झाले. पण कान फट आणि खोलीचा कोपरा यांत सहज गल्लत करतो. त्यापेक्षा स्पीकरच्या ओळीत काहीशे ओहमचा रेझिस्टर घालून २० हर्ट्झपासून सूर चढवत न्यावा आणि स्पीकरच्या टोकांवरचे व्होल्टेज मीटरवर पाहावे. ४३ च्या जवळपास एकच ठळक शिखर आले, तर फोम चिकटवणाऱ्याने काम नीट केले. त्याच्या खाली दुसरा उंचवटा दिसला, तर फट उरली आहे; वूफर पुन्हा काढावा, कड खरवडून स्वच्छ करावी आणि ताजी पुट्टी सलग लावावी. मागच्या पॉटच्या दांड्याभोवतीही तीच, कारण तिथले भोक बहुतेक जण विसरतात.